तालीम, कवायत आणि पडदा : लहुजी वस्तादांच्या निमित्ताने

सैन्यातून बाहेर पडलेला, पुढे व्यायामशिक्षक झालेला आणि त्यानंतर दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घरोघरी पोचलेला माणूस ही आकृती गेल्या पाव शतकात जगभर ओळखीची झाली आहे. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेल्या 'सेलिब्रिटी फिट क्लब' या कार्यक्रमात मरीन दलातला हार्वे वॉल्डन नामवंतांना दरडावून पळवीत असे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून 'एसएएस : हू डेअर्स विन्स' या कार्यक्रमात विशेष दलांतले माजी सैनिक सामान्य माणसांची कसोटी घेताना दिसू लागले. आपल्याकडेही ही आकृती आता परकी उरलेली नाही. भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट चालू असलेल्या गल्ल्यांतून जाताना आम्हाला जिमचे फलक दिसतात, त्यांवर कमावलेल्या दंडांची चित्रे असतात आणि 'कमांडो', 'आर्मी' हे शब्द जाहिरातीसारखे वापरलेले असतात. सैनिकाची शिस्त ही विकत घेता येण्याजोगी वस्तू झाली आहे, एवढे तरी त्यावरून कळते.

परंतु ही आकृती पडद्याने जन्माला घातलेली नाही. लढाई संपल्यावर सैनिकाजवळ उरते ते त्याचे कमावलेले शरीर आणि ते कमावण्याची विद्या. ही विद्या तो कोणाला देतो, कोणत्या हेतूने देतो आणि घेणारा तिचे पुढे काय करतो, हे प्रश्न पडद्याच्या कितीतरी आधीचे आहेत. मराठी मुलखात ते ज्या एका नावाभोवती सर्वांत ठळकपणे उभे राहतात ते नाव लहुजी राघोजी साळवे, म्हणजेच लहुजी वस्ताद यांचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या नावाकडे पाहावे असे आम्हाला वाटते, त्याचे कारणही साहित्यातलेच आहे. वस्तादांची खरी उंची त्यांच्या पुतळ्यांतून कळत नाही, ती एकोणिसाव्या शतकातल्या दोन मराठी लेखनांतून कळते. त्यांपैकी एक लेखन जोतीराव फुल्यांचे आहे आणि दुसरे त्यांच्या शाळेतल्या एका मुलीचे.

आधी शब्दांकडे पाहू. 'जिम' या शब्दाच्या मुळाशी 'नग्न' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. उघडे शरीर, म्हणजे दिसणारे शरीर, त्या शब्दात सुरुवातीपासूनच आहे. 'तालीम' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शिकवण, शिक्षण असा आहे. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला लागला आणि नाटकाच्या सरावालाही लागला. 'वस्ताद' म्हणजे फारसीतला 'उस्ताद', अर्थात गुरू. 'कवायत' हा शब्द तर आणखी मौजेचा आहे. अरबीत 'कवाइद' म्हणजे नियम, आणि व्याकरणाचे नियमही त्याच शब्दाने सांगतात. पलटणीने पावले टाकावीत कशी आणि वाक्यात शब्द लावावेत कसे, या दोन्ही गोष्टींना एकच मूळ शब्द पुरलेला आहे. शरीराचे शिक्षण आणि अक्षराचे शिक्षण या दोन वेगळ्या खोल्या आहेत असे आपण धरून चालतो. आपली भाषा मात्र तसे धरीत नाही. लहुजींचे चरित्रही तसे धरीत नाही.

लहुजींचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याचा, मातंग घराण्यातला. शस्त्रविद्या या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती आणि वडील राघोजी पेशव्यांच्या चाकरीत होते, असे परंपरा सांगते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या धामधुमीत राघोजी मारले गेले आणि तेवीस वर्षांचे लहुजी वडिलांबरोबर लढत होते, हीही परंपरेचीच साक्ष. पुढच्या वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांचे वेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेला. धन्याची सोय लागली. त्याच्यासाठी लढलेल्या शिपायांची सोय लावण्याचे कोणाच्या मनात आले नाही. काही इंग्रजांच्या पलटणीत गेले, काही गावी परतून जमिनीच्या तुकड्यावर किंवा गावकीच्या कामावर राहिले. लहुजींनी पुण्यात तालीम घातली. गंज पेठेत, म्हणजे आज जिला महात्मा फुले पेठ म्हणतात तेथे, ती त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते.

पराभूत राज्याचा सैनिक व्यायामशाळा काढतो ही घटना त्या काळात केवळ पुण्यात घडली असे नाही. नेपोलियनने १८०६ साली प्रशियाचा पराभव केल्यानंतर फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहाइडे येथे उघड्या मैदानावर तरुणांना कसरत शिकवायला सुरुवात केली. पुढे प्रशियाच्या सरकारला त्याचीच भीती वाटली. १८१९ मध्ये यानला अटक झाली आणि त्याच्या आखाड्यांवर बंदी आली. फ्रान्सिस्को आमोरोस हा स्पॅनिश कर्नल तर लहुजींचा अगदी समांतर समकालीन शोभावा. जोसेफ बोनापार्टची बाजू घेतल्यामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. तो पॅरिसला आला, १८२० पासून त्याने लष्करी व्यायामशाळा चालवली आणि १८३० मध्ये शारीरिक शिक्षणावर मोठा ग्रंथ छापला. युरोपातल्या व्यायामशिक्षणाच्या इतिहासात आमोरोसला मानाचे स्थान आहे, कारण त्याने लिहून ठेवले. लहुजी आपल्याला भेटतात ते मात्र दुसऱ्यांच्या लेखनात.

त्यातले पहिले लेखन म्हणजे फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३). जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मिशनच्या शाळेतले शिक्षण १८४७ च्या सुमारास संपले, आणि त्याच काळात ते लहुजींकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकत होते. 'गुलामगिरी'त ते हे स्वतः सांगतात. पण ज्या ओघात सांगतात तो महत्त्वाचा आहे. इंग्रजांना हाकलून द्यावे ही उमेद तेव्हा त्यांच्या मनात होती, आणि ती आजूबाजूच्या भट शिक्षकांच्या बोलण्यातून भरली गेली होती, असा त्यांचा निर्वाळा आहे. पुढे वाचन वाढले, विचार पालटला, आणि शूद्रातिशूद्रांना डोके वर काढण्यासाठी इंग्रजी राज्यात मिळालेली फट वाया घालवता कामा नये, या मतावर ते आले. म्हणजे ज्या पुस्तकात वस्तादांचे नाव कृतज्ञपणे येते, त्याच पुस्तकात वस्तादांकडे जाण्यामागचा मूळ हेतू लेखकाने टाकून दिलेला आहे.

लहुजींना आज 'आद्य क्रांतिगुरू' म्हटले जाते. पोस्टरवर भरघोस मिशा, पीळदार देह आणि हातात शस्त्र अशी त्यांची प्रतिमा असते. तिच्यामागे इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र लढ्याचे गुरू हा अर्थ उभा आहे. वासुदेव बळवंत फडके हेही त्यांच्या तालमीतले, असे परंपरा मानते. फडक्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत बंड उभारले, त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. ही परंपरा गृहीत धरली, तर एका गुरूचे दोन शिष्य दोन भिन्न दिशांना गेलेले दिसतात. एकाने शस्त्र हाती घेतले, दुसऱ्याने शाळा काढली. प्रतिमेला यांतला पहिलाच शिष्य सोयीचा वाटतो. दुसरा शिष्य गुरूचे नाव घेतो खरा, पण त्या प्रतिमेच्या चौकटीत बसत नाही. आमच्या मते लहुजींचे वेगळेपण या न बसण्यातच शोधले पाहिजे.

कारण फुल्यांचा विचार पालटला तेव्हा लहुजी त्यांच्यापासून दूर गेले नाहीत. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढच्या चार वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. मुले शाळेत आणायची कशी, हा त्या शाळांपुढचा पहिला प्रश्न होता. शिकून काय मिळणार हे माहीत नसलेल्या, आणि शिकल्याची शिक्षा काय मिळते हे नीट माहीत असलेल्या आईबापांचे मन वळवायचे होते. जोतीरावांनी या शाळांविषयी दिलेल्या माहितीत लहुजी मांग आणि राणबा महार या दोघांचा उल्लेख आहे. त्यांनी आपापल्या जातीच्या लोकांना विद्येचे लाभ समजावून सांगितले आणि त्यामुळे मुले येऊ लागली. या वेळी वस्तादांनी पन्नाशी ओलांडलेली होती. तालमीत मिळवलेला शब्दाचा मान त्यांनी शाळेच्या पदरात टाकला. निशाणबाजी शिकवणारा माणूस दारोदार जाऊन मुलांना पाटी धरायला पाठवा असे सांगतो आहे, हे दृश्य कोणत्याही पोस्टरवर आम्ही पाहिलेले नाही.

आता दुसऱ्या लेखनाकडे वळू. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेला 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, छापून आला. मुक्ता साळवे या नावाने ती आज ओळखली जाते आणि लहुजींच्या कुळातली मानली जाते. दलित स्त्रीच्या मराठी लेखनाचा आरंभ म्हणून हा निबंध आपण अभ्यासक्रमांतून शिकवतो. धर्माविषयी तिने विचारलेले थेट प्रश्न, प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे दुःख, ज्ञान मिळवा अशी तिने आपल्या माणसांना घातलेली साद, हे सगळे वर्गात सांगितले जाते. एक तपशील मात्र बहुधा भरभर वाचून पुढे जातो. पूर्वीच्या राज्यात मांग किंवा महार तालिमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ मांडीत, असे ती लिहिते.

हा तपशील लहुजींच्या चरित्राशेजारी ठेवून वाचावा अशी आमची विनंती आहे. तालिमखाना ही जागा मुक्ताने सहज निवडलेली नाही. देवळाचा दरवाजा, पाणवठा, वेशीबाहेरचे घर या बंदीच्या जागा आपल्याला ठाऊक आहेत. येथे बंदीची जागा शरीर कमावण्याची आहे, आणि बंदी आत जाण्याची नसून समोरून जाण्याची आहे. त्याच निबंधात ती असेही सांगते की महार-मांगांपैकी कोणाला वाचता येते हे बाजीरावाच्या कानी गेले तर त्याचा संताप होई, हे लोक वाचू लागले तर दप्तराचे काम त्यांच्या हाती द्यायचे काय, असा त्याचा सवाल असे. तालीम आणि वाचन, दोन्ही दारे या मुलीने एकाच निबंधात शेजारी शेजारी दाखवली आहेत. आणि ज्या तालिमखान्यापुढून गेले असता शिर जात होते म्हणून ती सांगते, तशाच एका तालमीचा वस्ताद आता तिच्याच कुळातला मनुष्य आहे. माळ्याचा मुलगा त्याच्यापुढे वाकून विद्या मागतो आहे. बाजीराव गेल्यानंतरच्या तीस वर्षांत पुण्याच्या एका पेठेत एवढे घडले होते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, तो टाळणे योग्य होणार नाही. 'ज्ञानोदय' हे १८४२ पासून निघणारे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र होते. पेशवाईचा काळोख आणि इंग्रजीचा उजेड असे चित्र त्याला हवेच होते, तेव्हा चेंडूदांडूची हकीकत अतिशयोक्त का मानू नये, असे कोणी विचारील. मुक्ताने जे लिहिले ते तिने पाहिलेले नाही, ती गोष्ट ऐकीव आहे, हे खरे. पण ती कोणाकडून ऐकलेली आहे? घरात, वस्तीत, त्या राज्यात जगलेल्या माणसांकडून. ती एका समाजाची स्मृती आहे, आणि स्मृती कोणत्या जागेवर जाऊन थांबते याला स्वतंत्र अर्थ असतो. घटना अक्षरशः तशी घडली असे न धरताही एवढे म्हणता येते की तालिमखाना हे त्या स्मृतीत भयाचे ठिकाण होते. साहित्याच्या वाचकाला एवढा पुरावा पुरेसा असावा.

दुसरा पेच याहून अवघड आहे. ज्या राज्याचे वर्णन मुक्ता असे करते, त्याच राज्यासाठी राघोजी पडले आणि लहुजी लढले, असे परंपरा सांगते. या दोन गोष्टी एकत्र नांदल्या कशा? काही जण त्यावर मुक्ताचा निबंध बाजूला सारतात, काही जण साळव्यांची स्वामिनिष्ठा. आमच्या मते दोन्ही एकत्रच वाचल्या पाहिजेत. राज्याला गड राखायला, पहारा द्यायला, रणात उभे राहायला मांगाचा देह हवा होता. तोच देह रस्त्याने चालताना नको होता. सैनिकाचा उपयोग मान्य आणि त्याचे माणूसपण अमान्य, ही व्यवस्था पेशवाईबरोबर संपली असेही नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत शौर्य गाजवलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद केली. त्याआधी १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या घरात अक्षरांची शिस्त पलटणीच्या शिस्तीइतकीच कडक होती. तिचे फळ सर्वांना माहीत आहे. पलटणीतून परतलेला माणूस आपल्या लोकांचा शिक्षक होतो, ही या समाजांच्या इतिहासातली एक लांब रेषा आहे. लहुजी त्या रेषेच्या आरंभापाशी उभे आहेत. कवायतीपासून व्याकरणापर्यंतची ही वाट वर सांगितलेल्या अरबी शब्दात आधीपासूनच होती.

पडद्याच्या युगातला आपल्याकडचा एक सैनिकही येथे आठवतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात ईएमई दलात होते आणि मुष्टियोद्धा म्हणून नावाजले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यातून ते १९७२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर शर्यतीच्या सुवर्णपदकापर्यंत गेले. मुंबई दूरदर्शन केंद्र त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झाले, पण त्या पदकाची दखल घ्यायला देशाला वेळ लागला. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली, आणि 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला. पडद्याला कमावलेला देह दिसतो. मोडलेल्या देहाने पुन्हा शिकलेली विद्या दिसायला त्याला अर्धशतक लागते.

लहुजी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी वारले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे. त्यांच्या मृत्यूच्या तीन वर्षे आधी, १८७८ मध्ये, शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. ज्या विद्येसाठी जोतीराव त्यांच्याकडे गेले होते, ती उघडपणे शिकवण्याचे दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत संपत आले होते. तोपर्यंत त्यांच्या समजावण्यामुळे शाळेत आलेली मुले मोठी झाली होती. त्या शाळांतून एक निबंध निघालेला होता. तो आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही वर्गात वाचला जातो.

तालीम म्हणजे काय, याचे उत्तर आम्हाला या चरित्रातून मिळते ते असे. शिकवणाऱ्याच्या मनातला हेतू शिकणाऱ्याने जसाच्या तसा पुढे न्यावा लागत नाही. शिष्य हेतू बदलतो, आणि खरा वस्ताद त्या बदलाच्या बाजूने उभा राहतो. पडद्यावरचा माजी सैनिक समोरच्याला आपल्यासारखे व्हायला सांगतो आणि कार्यक्रमाच्या शेवटी आधीचे व नंतरचे वजन दाखवतो. लहुजींच्या तालमीचा हिशेब अशा रीतीने मांडता येत नाही. तो मांडायचा तर 'गुलामगिरी' उघडावी लागते, आणि तिच्याशेजारी एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध. येत्या वर्षी वर्गात मुक्ताचा निबंध शिकवताना तालिमखान्याच्या त्या वाक्यापाशी थोडे थांबावे, आणि त्या तालमीच्या दारात पुढे कोण उभे राहिले ते विद्यार्थ्यांना सांगावे, एवढेच आमचे अध्यापकांकडे मागणे आहे.